लॅपटॉपमधले टोन हार्डवेअर प्लगइन प्लेअरवर कसे न्यायचे: स्टेजवर वाजवणाऱ्या नव्या कीबोर्डवाल्यांसाठी

नाशिकमध्ये ऑर्केस्ट्रात, भजनी मंडळात नाहीतर लग्नाच्या स्टेजवर कीबोर्ड वाजवणारी मुलं हल्ली घरी लॅपटॉपवर प्लगइन, म्हणजे वाद्यांचे आवाज काढणारं सॉफ्टवेअर, लावून फार सुरेख टोन जमवतात. सनई, हार्मोनिअम, संबळ, पियानो, काय हवं ते. पण गंगापूर रोडच्या एखाद्या लॉनवर, धुळीत आणि जनरेटरच्या विजेवर लॅपटॉप उघडून बसायची कुणाची तयारी नसते. म्हणून मग हार्डवेअर प्लगइन प्लेअर येतो: स्वतःचा प्रोसेसर असलेला छोटा बॉक्स, जो लॅपटॉपशिवाय प्लगइन वाजवतो. बॉक्स घरी आला की पहिलाच अडथळा समोर उभा राहतो. लॅपटॉपमधली फाइल कॉपी तर होते, पण बॉक्सच्या यादीत दिसत नाही. दिसली तर वाजत नाही. वाजली तर आवाज भलताच येतो.

मी हे सगळं झिंथियनवर केलं आहे, त्यामुळे उदाहरणं त्याचीच देतो. झिंथियन हा रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालणारा मुक्त स्रोत बॉक्स आहे. तयार किट मिळतं, सुटे भाग आणून घरीही जुळवता येतो. आत लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे. तुमचा बॉक्स दुसरा असला तर मेनूची नावं बदलतील, पण आत लिनक्स असेल तर खालच्या बहुतेक गोष्टी तशाच लागू पडतील.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. फाइल कॉपी करणं हे पाच मिनिटांचं काम आहे. सगळा वेळ लागतो तो कोणती फाइल उचलायची हे ठरवायला. ते नीट झालं तर पुढे फारसं काही अडत नाही.

काय काय लागेल

- बॉक्स आणि त्याचा योग्य अ‍ॅडॉप्टर. रास्पबेरी पाय ४ साठी ५.१ व्होल्ट ३ अँपिअर, पाय ५ साठी ५.१ व्होल्ट ५ अँपिअर. मोबाइलचा चार्जर चालणार नाही.
- लॅन केबल. वायफायवर काम होतं, पण मोठ्या फाइली चढवताना केबलच बरी.
- लॅपटॉपवर तीन मोफत सॉफ्टवेअर: फाइल पाठवायला विनएससीपी किंवा फाइलझिला, आवाज कापायला ऑडॅसिटी, साउंडफॉन्ट, म्हणजे आवाजांची एकत्र फाइल, बनवायला पॉलीफोन.
- ज्यात तुमचे प्लगइन आत्ता वाजतात ते रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर.
- चांगल्या कंपनीचं एक जादा मेमरी कार्ड. केबल, कार्ड, अ‍ॅडॉप्टर हे सगळं एमजी रोडच्या दुकानांत मिळून जातं. फक्त कार्ड अगदी स्वस्तातलं घेऊ नका.
- वही आणि पेन. हे लिहायचं म्हणून लिहीत नाही, पायरी २ मध्ये लागणार आहे.

१. प्रीसेटच्या फाइलमध्ये काय असतं ते समजून घ्या

प्रीसेटच्या, म्हणजे जतन केलेल्या टोनच्या, फाइलमध्ये आवाज असतो असं बहुतेकांना वाटतं. बहुतेक वेळा तो नसतो. त्यात फक्त प्लगइनची बटणं कुठे फिरवून ठेवली आहेत त्याचे आकडे असतात. आचाऱ्याने लिहिलेली चिठ्ठी आणि प्रत्यक्ष शिधा यांत जो फरक, तोच प्रीसेट आणि सॅम्पल, म्हणजे रेकॉर्ड केलेला आवाजाचा तुकडा, यांत. चिठ्ठी घेऊन दुसऱ्या स्वयंपाकघरात गेलात आणि तिथे शिधाच नसेल तर पदार्थ होणार कसा?

आता फाइलच्या शेवटच्या अक्षरांवरून ओळखायला शिका.

एफएक्सपी आणि एफएक्सबी. हे व्हीएसटी या प्लगइनच्या प्रचलित पद्धतीचे जुने प्रकार. एफएक्सपीमध्ये एक टोन, एफएक्सबीमध्ये अख्खी बँक, म्हणजे टोनचा संच. या फाइलच्या सुरुवातीलाच प्लगइनची चार अक्षरी खूण असते, त्यामुळे ज्या प्लगइनने ती बनवली तोच ती उघडतो. दुसऱ्या प्लगइनला दिली तर नाकारतो. बॉक्सवर तोच प्लगइन असेल तरच ही फाइल उचला.

व्हीएसटीप्रीसेट. २००८ साली व्हीएसटी ३ आलं, त्याचा हा प्रकार. नियम तोच.

एसवायएक्स. यामाहाच्या डीएक्स७ या १९८३ च्या कीबोर्डचे टोन. डेक्स्ड नावाचा प्लगइन ते वाजवतो आणि झिंथियनमध्ये डेक्स्ड आहे, म्हणून या फाइली थेट जातात. खरी बँक ओळखायची सोपी खूण म्हणजे आकार: ३२ टोनची बँक बरोबर ४,१०४ बाइटची असते, एकाच टोनची फाइल १६३ बाइटची. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलचा आकार याहून वेगळाच असेल तर आधी तिच्यावर संशय घ्या, बॉक्सवर नंतर.

एसएफ२, म्हणजे साउंडफॉन्ट. यात आवाज आणि मांडणी दोन्ही एकाच फाइलमध्ये. नव्या माणसासाठी सगळ्यांत निर्धोक प्रकार हाच.

एसएफझेड. ही साधी मजकुराची फाइल आहे, नोटपॅडमध्ये उघडते. कोणत्या पट्टीला कोणती वेव्ह फाइल वाजवायची एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. आवाज शेजारच्या फोल्डरमध्ये असतात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी 'हार्मोनिअमचा टोन' म्हणून काही केबीची एकच एसएफझेड फाइल टाकली तर ती नुसती चिठ्ठी आहे. फोल्डर मागून घ्या.

एनकेआय. ही कॉन्टॅक्ट या सॅम्पल वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरची फाइल. कॉन्टॅक्ट विंडोज आणि मॅकवरच चालतं, त्यामुळे ही फाइल लिनक्सच्या बॉक्सवर वाजणार नाही. तिचं काय करायचं ते पायरी ५ मध्ये.

आणखी एक. विंडोजमधला प्लगइनच उचलून बॉक्सवर टाकायचा प्रयत्न बरेच जण करतात. लॅपटॉपचा प्रोसेसर इंटेल किंवा एएमडीचा, पायचा एआरएमचा. वर ऑपरेटिंग सिस्टिमही वेगळी. विंडोजच्या प्लगइनची डीएलएल फाइल तिथे चालत नाही. त्यात वेळ घालवू नका.

२. वहीत टोनचे तीन गट पाडा

तुमच्या कार्यक्रमाला खरोखर लागणारे टोनच लिहा. लॅपटॉपवर शेकडो असतील, पण लग्नाचा किंवा भावगीतांचा अख्खा कार्यक्रम वीस-पंचवीस टोनवर आरामात निघतो. प्रत्येक टोनपुढे प्लगइनचं नाव लिहा आणि गट ठरवा.

गट अ: तोच प्लगइन बॉक्सवर आहे. प्रीसेट सरळ जाईल. डेक्स्ड, सर्ज, झिनअ‍ॅडसबएफएक्स, पियानोटेक ही यातली नेहमीची नावं.

गट आ: एसएफ२ किंवा फोल्डरसकट एसएफझेड. हेही सरळ जाईल.

गट इ: बाकी सगळं. हे टोन रेकॉर्ड करून, सॅम्पल बनवून न्यावे लागतात.

आपल्याकडच्या वादकांचे देशी वाद्यांचे टोन बहुतेक वेळा गट इ मध्ये पडतात. म्हणून पायरी ५ या लेखात सगळ्यांत लांब आहे.

पियानोटेकबद्दल एक सूचना. झिंथियनमध्ये त्याची डेमो आवृत्ती येते. डेमोत काही पट्ट्या मुक्या असतात आणि वीस मिनिटांनी आवाज बंद होतो. तालमीत हे लक्षात येत नाही, कारण तिथे कुणी सलग वीस मिनिटं पियानोवर बसत नाही. लायसन्स घेऊन ते बॉक्सवर सुरू करा, मगच तो टोन कार्यक्रमात धरा. लॅपटॉपवरचं पियानोटेक नवं आणि बॉक्सवरचं जुनं असेल तर नव्यात जतन केलेला प्रीसेट जुन्यात उघडेलच असं नाही, तेव्हा दोन्हीकडे आवृत्ती सारखी ठेवा.

३. लॅपटॉप आणि बॉक्स जोडा

घरच्या राउटरला दोन्ही जोडा. लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये झिंथियन डॉट लोकल असा पत्ता टाका. पान उघडलं नाही तर बॉक्सच्या अ‍ॅडमिन मेनूत नेटवर्कची माहिती पाहा आणि तिथला आयपी पत्ता टाका. पासवर्ड मूळचा ओपनसिंथ असतो, इंग्रजीत, सगळी अक्षरं लहान, जोडून. तो पहिल्या दिवशीच बदला. हॉलच्या वायफायवर बॉक्स जोडलात तर तो पासवर्ड सगळ्या जगाला माहीत असलेला पासवर्ड आहे.

विनएससीपीने जायचं असेल तर प्रकार एसएफटीपी, पोर्ट २२, युजरनेम रूट आणि पासवर्ड तोच.

पेन ड्राइव्हवरून न्यायचं तर दोन सापळे आहेत. एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. आणि मॅकवरून कॉपी केलंत तर प्रत्येक फाइलसोबत टिंब आणि अंडरस्कोरने सुरू होणारी एक लपलेली छोटी फाइल तयार होते. बॉक्सच्या यादीत एकच टोन दोनदा दिसतो आणि त्यातला एक वाजत नाही तो यामुळे. त्या फाइली बिनधास्त पुसा.

४. सरळ जाणाऱ्या फाइली चढवा

गट अ आणि आ साठी ब्राउझरच्या पानावर लायब्ररीमध्ये प्रीसेट आणि साउंडफॉन्टचा विभाग आहे. आधी इंजिन निवडा, मग बँक, मग फाइल द्या. इंजिन म्हणजे बॉक्समधला आवाज तयार करणारा प्लगइन. घाईत इंजिन चुकीचं निवडलं जातं आणि मग 'फाइल चढली पण दिसत नाही' असा फोन येतो. एसएफ२ साठी फ्लुइडसिंथ, एसएफझेडसाठी लिनक्ससॅम्पलर, एसवायएक्ससाठी डेक्स्ड.

हाताने टाकायचं तर झिंथियन-माय-डेटा या फोल्डरमध्ये साउंडफॉन्ट्सचं फोल्डर आहे, त्यात एसएफ२ आणि एसएफझेड अशी वेगळी फोल्डर आहेत. एसएफझेडमध्ये स्वतःचं एक फोल्डर करा. ते फोल्डर म्हणजे बँक आणि त्यातली प्रत्येक एसएफझेड फाइल म्हणजे एक टोन, असं बॉक्स धरतो. झिंथियन-डेटा असं सारख्या नावाचं दुसरंही फोल्डर दिसेल. ते बॉक्सचं स्वतःचं आहे, त्यात काही टाकू नका. तुमचं सगळं माय-डेटामध्येच राहू द्या. बॅकअपच्या वेळी ते बरं पडतं.

यादीत नवं नाव आलं नाही तर बॉक्स एकदा नीट बंद करून सुरू करा.

५. जे टोन जात नाहीत ते सॅम्पल करा

याला घाबरायचं कारण नाही. लॅपटॉपवरचा टोन पट्टीपट्टीने रेकॉर्ड करायचा आणि त्या तुकड्यांचा साउंडफॉन्ट बनवायचा, एवढंच आहे. एक संध्याकाळ दिली तर पहिला टोन तयार होतो, पुढचे भराभर होतात.

आधी लायसन्स वाचा. स्वतः वाजवण्यासाठी सॅम्पल करायला परवानगी आहे का हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. बनवलेले सॅम्पल वाटणं किंवा विकणं तर बहुतेक सगळ्यांनी मना केलेलं असतं. ज्यांनी गावोगाव जाऊन वादकांकडून हे आवाज रेकॉर्ड करून घेतले त्यांचं पोट त्यावर आहे. मित्राला टोन आवडला तर त्याला लायब्ररीचं नाव सांगा, फाइल देऊ नका.

हार्मोनिअमपासून सुरुवात करा, कारण तो सगळ्यांत सोपा. प्लगइनमधला रिव्हर्ब (घुमारा), डिले, कोरस सगळं बंद करा. रिव्हर्ब बॉक्सवर वेगळा लावता येतो. सॅम्पलमध्येच तो मुरला तर दोन पट्ट्या एकदम दाबल्यावर दोन रिव्हर्ब एकमेकांवर चढतात आणि हॉलमध्ये सगळा चिखल होतो.

आता रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मिडीचे सूर, म्हणजे कोणती पट्टी कधी दाबायची याच्या सूचना, मांडा. प्रत्येक पट्टी रेकॉर्ड करायची गरज नाही, दर तिसरी पुरे. मिडी नंबर ३६ पासून ८४ पर्यंत, म्हणजे चार सप्तकं, दर तीन पट्ट्यांनी घेतली तर १७ सूर होतात. प्रत्येक सूर चार सेकंद धरा, मध्ये दोन सेकंद शांतता ठेवा. वेव्ह फाइल काढताना १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, स्टिरिओ. चार सेकंदांचा एक तुकडा साधारण ०.७ एमबीचा, सतरा मिळून बारा एमबी. पायला हे काहीच नाही.

ऑडॅसिटीमध्ये ती लांब फाइल उघडून शांततेवरून आपोआप लेबल लावून घ्या आणि लेबलनुसार वेगवेगळ्या फाइली काढा. नावात मिडीचा नंबर घाला: ०३६, ०३९, ०४२ असं. सुराचं नाव घालू नका. नंबर ६० ला यामाहा सी३ म्हणते आणि रोलँडसकट बरेच जण सी४ म्हणतात. दोन सॉफ्टवेअरमध्ये दोन पद्धती असल्या की अख्खा टोन एक सप्तक वर किंवा खाली वाजतो आणि चूक कुठे झाली ते सापडता सापडत नाही. नंबर सगळीकडे एकच असतो.

पॉलीफोन उघडा आणि सतरा तुकडे सॅम्पलच्या यादीत ओढून टाका. प्रत्येकाची मूळ पट्टी तपासा. मग इन्स्ट्रुमेंट बनवा आणि प्रत्येक सॅम्पलला तीन पट्ट्या द्या: ६० नंबरच्या तुकड्याला ५९ ते ६१, ६३ च्या तुकड्याला ६२ ते ६४. यानंतर प्रीसेट बनवून त्यात ते इन्स्ट्रुमेंट ठेवायला विसरू नका. साउंडफॉन्टमध्ये सॅम्पल, इन्स्ट्रुमेंट आणि प्रीसेट असे तीन मजले असतात आणि बॉक्सला फक्त वरचा मजला दिसतो. इन्स्ट्रुमेंटवरच थांबलात तर फाइल चढते, पण यादी रिकामी राहते.

हार्मोनिअमचा सूर बोट ठेवलं तोवर चालू राहायला हवा, म्हणून लूप लावायचा, म्हणजे तुकड्याचा एक भाग फिरून फिरून वाजवायचा. पॉलीफोनमध्ये लाटेचा जो भाग स्थिर आहे त्याची सुरुवात आणि शेवट धरा. दोन्ही टोकं लाट शून्यावरून जाते तिथे आणि एकाच दिशेने चढत असताना घ्या, नाहीतर दर फेरीला टकटक ऐकू येते. हेडफोन लावून एकच पट्टी अर्धा मिनिट दाबून ठेवा. लूप खटकत असेल तर इथेच कळतं. स्टेजवरच्या मोठ्या आवाजात तो दहापट खटकेल.

हार्मोनिअमला पट्टी जोरात मारली काय नि हळू मारली काय, आवाज भात्यावर ठरतो. त्यामुळे एकच थर पुरे. पियानोला किमान तीन थर लागतात: हळू, मध्यम, जोरात.

सनईची गोष्ट वेगळी आहे आणि इथे जरा थांबून समजून घ्यावं असं आहे. सनईचा सूर कंप पावत असतो. तो कंप सॅम्पलमध्ये रेकॉर्ड झाला तर तुकडा वरच्या पट्टीवर ताणताना कंपाचा वेगही वाढतो. एका पट्टीला सुमारे सहा टक्के, तीन पट्ट्यांना जवळपास एकोणीस. मग पंचमावर शांत वाटणारी सनई वरच्या षड्जावर थरथर कापते. उपाय असा: प्लगइनमध्ये कंप बंद करून सरळ सूर रेकॉर्ड करा आणि कंप बॉक्सवर मॉड्युलेशन व्हीलने द्या. सनईसाठी दर दुसरी पट्टी घेतलीत तर अजून चांगलं.

मींडही तपासा. पिच बेंडची मर्यादा बहुतेक ठिकाणी मुळात दोन पट्ट्यांची असते. लॅपटॉपवरच्या प्रीसेटमध्ये ती पाच किंवा बारा केलेली असेल तर तुमच्या हाताला तीच सवय झालेली असते. बॉक्सवर तेवढीच लावा, नाहीतर मींड षड्जापर्यंत पोचणारच नाही.

संबळ, ढोल, हलगी यांना पट्टीवर ताणायचं नसतं. एका पट्टीवर एक बोल. पण एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजला की जागरण-गोंधळाच्या जलद लयीत तो यंत्रासारखा ऐकू येतो. म्हणून एकाच बोलाचे तीन-चार वेगळे तुकडे घ्यायचे आणि ते आळीपाळीने वाजवायचे. साउंडफॉन्टमध्ये ही सोय नाही, एसएफझेडमध्ये आहे. त्यामुळे सुराच्या वाद्यांना एसएफ२ आणि तालवाद्यांना एसएफझेड, अशी माझी वाटणी आहे आणि नव्या माणसाला मी तीच सुचवीन.

६. एसएफझेडच्या नावांचा सापळा

लॅपटॉपवर वाजलेली एसएफझेड बॉक्सवर मुकी होण्याचं एक कारण सगळ्यांत जास्त वेळा आढळतं. विंडोजला कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांत फरक दिसत नाही, लिनक्सला दिसतो. मजकुरात फाइलचं नाव कॅपिटल एसने सुरू होत असेल आणि फोल्डरमध्ये ते स्मॉल एसने असेल, तर विंडोज ती फाइल शोधून देतो. लिनक्सच्या दृष्टीने ती फाइल नाहीच. काही तुकडे मुके आणि काही वाजतात असं झालं की पहिल्यांदा हेच तपासा.

यावर पद्धत एकच: सगळी नावं स्मॉल अक्षरांत, इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता. जागेऐवजी अंडरस्कोर. मराठीत नावं देण्याचा मोह होतो, पण बॉक्सच्या छोट्या पडद्यावर ती नीट उमटली नाहीत तर अंधाऱ्या स्टेजवर टोन शोधणार कसा? मजकुरात 'सी ड्राइव्ह' ने सुरू होणारा पूर्ण पत्ता असेल तर तो काढा आणि फक्त शेजारच्या फोल्डरचं नाव ठेवा. तिरकी रेघ पुढे झुकणारी वापरा.

७. आवाजाची पातळी सारखी करा

हे लॅपटॉपवर करू नका. बॉक्स ज्या मार्गाने मिक्सरला जाणार त्याच मार्गाने, त्याच स्पीकरवर करा. एक ओळ घ्या, ती प्रत्येक टोनवर तेवढ्याच जोराने वाजवा आणि पियानोला धरून बाकीचे खालीवर करा. सनई कानाला टोचते, म्हणून ती मीटरवर कमी दिसली तरी ऐकायला पुढे येते. तिथे मीटरपेक्षा कानावर भरवसा ठेवा. कालिदास कलामंदिरात साउंडवाला तुमच्या चॅनेलवर हात ठेवून बसलेला असेल. मंडळाच्या मांडवात तो जेवायला गेलेला असू शकतो.

८. गाण्यागणिक टोन बदलायची सोय करा

झिंथियनमध्ये एक इंजिन आणि त्यावरचे इफेक्ट मिळून चेन होते. सगळ्या चेनची मांडणी म्हणजे स्नॅपशॉट. स्नॅपशॉट बदलताना बॉक्स सगळी इंजिनं नव्याने लावतो, त्याला वेळ लागतो. त्याच्या आत झेडएस३ नावाचे उप-स्नॅपशॉट असतात. त्यात इंजिनं लागलेलीच असतात, म्हणून बदल झटकन होतो. तेव्हा एका कार्यक्रमाला एक स्नॅपशॉट आणि एका गाण्याला एक झेडएस३ अशी रचना ठेवा.

झेडएस३ ला कीबोर्डचा प्रोग्राम चेंज, म्हणजे टोन बदलायचा संदेश, शिकवता येतो. इथे आकड्यांचा गोंधळ होतो: मिडीमध्ये प्रोग्राम ० ते १२७ असतात, पण बरेच कीबोर्ड पडद्यावर १ ते १२८ दाखवतात. कीबोर्डवर ५ दाबल्यावर बॉक्सला ४ पोचतो. एकदा वहीत लिहून ठेवा. कीबोर्डचा स्वतःचा आवाज मागे ऐकू येत असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये लोकल ऑफ करा.

९. स्टेजवर नेण्याआधी वीज आणि ऊन यांचा विचार करा

चालू बॉक्सची वीज अचानक गेली तर मेमरी कार्डवरची माहिती खराब होऊ शकते. सिन्नर-दिंडोरीकडच्या जत्रांमध्ये जनरेटर मध्येच बंद करून डिझेल भरतात. बॉक्ससाठी छोटा यूपीएस ठेवा. कार्यक्रम संपला की अ‍ॅडमिन मेनूतून पॉवर ऑफ करा, मग केबल काढा. डेकोरेटरची माणसं घाईत असतात, त्यांना आधी सांगून ठेवा.

पायचं तापमान ८० अंशांच्या वर गेलं की तो स्वतःचा वेग कमी करतो आणि आवाजात चरचर सुरू होते. वैशाखातल्या दुपारच्या लग्नात बॉक्स काळ्या रॅकमध्ये उन्हात ठेवला तर हे होणारच. सावली द्या, आतला पंखा चालू आहे का पाहा, वर कापड टाकू नका. पिंपळपारावरच्या पाडवा पहाटेसारखा गारव्यातला कार्यक्रम असेल तर ही काळजी उरत नाही.

गारव्यातही चरचर आली तर बफर, म्हणजे आवाज बाहेर पाठवण्याआधी बॉक्स साठवतो तो तुकडा, वाढवा. ४८ किलोहर्ट्झला २५६ चा एक बफर ५.३ मिलिसेकंदांचा, दोन धरले तर साडेदहाच्या थोडं वर. एवढा उशीर हाताला जाणवत नाही. ५१२ ला तो दुप्पट होतो; सनईला चालतो, संबळाला चालत नाही.

१०. दोन बॅकअप घ्या

पहिला बॅकअप ब्राउझरच्या पानावरून: डेटाचा बॅकअप घ्या, झिप फाइल लॅपटॉपवर उतरते. तुमचे टोन आणि स्नॅपशॉट तीत येतात. प्रत्येक नवा टोन चढवला की हा घ्या.

दुसरा अख्ख्या मेमरी कार्डाचा. बॉक्स बंद करून कार्ड काढा, विन३२ डिस्क इमेजरने त्याची इमेज बनवा आणि ती जादा कार्डावर लिहा. दोन कार्डं एकाच कंपनीची, एकाच मापाची असली तरी प्रत्यक्ष क्षमतेत थोडा फरक असतो आणि मोठ्या कार्डाची इमेज लहान कार्डावर बसत नाही. म्हणून जादा कार्ड वरच्या मापाचं घ्या. ते बॉक्समध्ये घालून घरीच एकदा सुरू करून पाहा, सगळे झेडएस३ वाजवून पाहा, मग कीबोर्डच्या बॅगेत ठेवा. त्याच्या पाकिटावर तारीख लिहा, म्हणजे त्यात कोणत्या दिवसापर्यंतचे टोन आहेत ते लगेच कळेल.